मांडी ऑस्ट्रेलियाची, पाकीट ठाण्याचं

अण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, मटणाच्या दुकानात बोकड टांगलेला असायचा तो शेपटासकट. कातडं उतरवलं, आतलं सगळं काढलं, तरी शेपटीच्या टोकाचा केसांचा झुपका तसाच ठेवायचा आणि नराची खूणही काढायची नाही. जांभळी नाक्याजवळच्या त्या चिंचोळ्या दुकानात गिऱ्हाईक आधी शेपटाकडे बघायचं, मग मांडीवरच्या शिक्क्याकडे, मग अण्णांकडे. शेपूट सांगायचं शेळीचा वंश की मेंढीचा, खूण सांगायची नर की मादी, शिक्का सांगायचा तपासणी झालेली आहे. गाव तेवढं अण्णा सांगायचे. "राजस्थानचा आहे," नाहीतर "नगरकडचा, घ्या निर्धास्त." १९ वर्षांपूर्वी मी या घरात सून म्हणून आले तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. माहेरी मटण घरात यायचं ते काळ्या पिशवीत, आणि त्यावर कधी कुणी प्रश्न विचारला नाही.

अण्णांचा खांदा दुखायला लागला तेव्हा मी आणि माझ्या नवऱ्यानं वागळे इस्टेटमध्ये एक गाळा घेतला. दोन डीप फ्रीझर, एक बँडसॉ (हाडं कापायची विजेची करवत), खिम्याचं यंत्र, पाकिटं सील करायचं मशीन. सुरुवातीला बोकड आणि कोंबडी एवढंच पॅक करत होतो. घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांतून ऑर्डरी येऊ लागल्या, आणि मागच्या हिवाळ्यात एका केटरिंगवाल्यानं विचारलं, ऑस्ट्रेलियन लॅम्ब देता का? नवऱ्यानं चौकशी केली तर दर जमण्यासारखा निघाला. भारत आणि ऑस्ट्रेलियाचा व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ ला लागू झाला आणि मेंढीच्या मांसावरची ३० टक्के जकात तेव्हापासून गेली, त्याचा हा परिणाम. आयात करण्याची आमची ऐपत नाही. आम्ही आयातदाराकडून कार्टन घ्यायचे, कापायचे, अर्ध्या किलोच्या पाकिटांत भरायचे, असं ठरलं. गटारीच्या आत माल बाजारात आणायचा म्हणजे हातात पाच महिने होते. मला वाटलं होतं लेबलचं काम आठवड्याभरात होईल. त्या एका लेबलाला पाचही महिने लागले.

पहिल्यांदा माल बघायला तळोज्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये गेलो. उणे १८ अंशाची खोली. त्यांनी जाड कोट दिले, तरी दहा मिनिटांत बोटं वळेनात. हातातली वही धरवत नव्हती म्हणून मी कार्टनवरचा मजकूर मोबाइलवर बोलून रेकॉर्ड केला. कार्टनवर काय काय होतं! ठळक अक्षरांत 'प्रॉडक्ट ऑफ ऑस्ट्रेलिया'. त्यांच्या सरकारी तपासणीचा शिक्का, आणि त्या शिक्क्यात कत्तलखान्याचा क्रमांक. कुठला तुकडा, हाडासकट की बिनहाडाचा, पॅक केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, वजन, लॉट नंबर, हलालचा शिक्का. शेजारी इथल्या आयातदाराचं स्टिकर, त्यावर नाव-पत्ता आणि १४ अंकी परवाना क्रमांक. मी त्या कार्टनसमोर उभी राहून विचार करत होते की हजारो मैलांवर कापलेल्या मेंढीबद्दल मला एवढं कळतंय. हे सगळं माझ्या पाकिटावर पोचलं नाही तर ते वाटेत कुठे हरवलं याला जबाबदार मी.

तिथल्या मॅनेजरनं बंदरावरची वाट समजावून सांगितली. कंटेनर न्हावा शेव्याला उतरण्याच्या आधीच केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याचा आयात परवाना लागतो. मग पशू क्वारंटाइनवाले निर्यात करणाऱ्या देशाच्या पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र तपासतात. मग एफएसएसएआयचे, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे, अधिकारी कागद बघतात, माल बघतात, नमुना घेतात, लेबल वाचतात. आयात होताना मालाचं ६० टक्के आयुष्य शिल्लक असावं लागतं किंवा मुदत संपायला तीन महिने बाकी असावे लागतात, यातलं जे कमी असेल ते. आयातदाराचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, मांसाहाराची खूण अशा ठरावीक गोष्टी इथे उतरल्यावर बंदरातल्या गोदामात स्टिकरनं लावायची मुभा आहे. हे सगळं पार करून आलेलं कार्टन माझ्या गाळ्यात येणार आणि मी ते फोडणार. मग साखळीतली पुढची कडी आमचीच.

कागदपत्रांचं फार सांगत नाही. आमच्या लायसनवर किरकोळ विक्री आणि साठवण होती, त्यात 'रीपॅकर', म्हणजे माल फोडून पुन्हा पाकिटांत भरणारे, म्हणून वाढ करून घ्यावी लागली. गाळ्याचा नकाशा, पाण्याचा तपासणी अहवाल, कामावरच्या पोरांची वैद्यकीय प्रमाणपत्रं. शिवाय वैधमापनकडे, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या खात्याकडे, पॅकर म्हणून वेगळी नोंदणी, कारण बंद पाकिटाला नुसता वजनकाट्यावरचा शिक्का पुरत नाही, २०११ चे पॅकेज्ड कमोडिटीजचे नियम लागतात. त्या नियमांप्रमाणे आयात मालावर मूळ देशाचं नाव हवंच, आणि एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबलिंग नियमांप्रमाणेही हवंच. दोन खाती, दोन नियम, दोघांची मागणी तीच. मला यात बरं वाटलं.

खरी गोष्ट सुरू झाली लेबलच्या पहिल्या मसुद्यापासून. लेबलसाठी नेमलेल्या सल्लागारानं बनवून पाठवलं: 'फ्रोझन मटण करी कट'. मी अण्णांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं आणि म्हणाले, "हे तू बोकड विकतेयस का?"

मी म्हटलं, "नाही अण्णा, मेंढी."

"मग इथं मेंढी कुठंय?"

त्या रात्री मी नियमांची मूळ इंग्रजी प्रत उघडली. त्यात गोठवलेल्या मांसाच्या कलमात मटण वेगळं लिहिलंय आणि शेळीचं मांस वेगळं लिहिलंय. म्हणजे सरकारी इंग्रजीत मटण म्हणजे मेंढी. आणि ठाण्यात, कल्याणात, अख्ख्या महाराष्ट्रात 'मटण आण' म्हटलं की माणूस बोकडाचं आणतो. सल्लागाराचं लेबल कायद्यानं बरोबर होतं, आणि तरी ते वाचणाऱ्या दहातल्या नऊ बायकांनी बोकड समजून पाकीट उचललं असतं. देशाचं नाव खाली बारीक अक्षरांत असतं, त्यामुळे फार तर ऑस्ट्रेलियाचा बोकड समजल्या असत्या.

हा नुसता चवीचा प्रश्न नाही. आमचं एक जुनं गिऱ्हाईक आहे, वर्तकनगरचे आजोबा, मूळचे शिरूर तालुक्यातले. त्यांची देवी बोल्हाई. पुण्याजवळ वाडेबोल्हाईला तिचं देऊळ आहे आणि तिच्या भक्तांच्या घरात शेळी-बोकड चालत नाही, मेंढीच लागते. पुणे जिल्ह्यात 'बोल्हाईचं मटण' अशा पाट्याच दुकानांवर असतात. ठाण्यात मात्र त्यांची पंचाईत होते. अण्णा त्यांच्यासाठी महिन्या-दोन महिन्यांनी मेंढी आणायचे आणि समोर शेपूट दाखवून कापायचे. मी आजोबांना फोन करून विचारलं, बाहेरच्या देशातली मेंढी तुम्हाला चालेल का? ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मेंढी असली की झालं ताई. पण ती मेंढीच आहे हे मला कोण सांगणार? शेपूट तर येणार नाही." दुसऱ्या दिवशी मी लेबलच्या दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरांत लिहायला सांगितलं: 'मेंढीचं मांस, करी कट, गोठवलेलं'. त्याच्या लगेच खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत: 'मूळ देश: ऑस्ट्रेलिया'.

भाषेवरून थोडं अडलं. लेबलावर इंग्रजी किंवा देवनागरीतली हिंदी असणं बंधनकारक आहे. मराठी चालते, पण ती जोडीला, आणि तिथला मजकूर इंग्रजीशी विसंगत असता कामा नये. म्हणजे दोन्ही भाषा छापायच्या आणि अक्षरं लहान करायची नाहीत, तर लेबल मोठं करावं लागतं, खर्च वाढतो. आम्ही लेबल मोठं केलं. माझ्या सासूबाईंना इंग्रजी वाचता येत नाही आणि आमच्या घरातलं मटण आजवर त्यांनीच निवडलंय. ज्यांच्या हातात सुरी आहे त्यांना पाकीट वाचता आलं पाहिजे, एवढा हट्ट मी धरला. हलालचा शिक्का कार्टनवर होता तोही पाकिटावर नोंदवला. एका घराला तो हवा असतो, दुसऱ्या घराला नको असतो. निवड दोघांचीही आहे, आणि ती करता यावी म्हणून आधी माहिती समोर हवी. मांसाहाराची खूण तर होतीच: तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण. पूर्वी आत गोल असायचा, रंग ओळखू न येणाऱ्यांना हिरव्या गोलापासून वेगळा दिसत नसे म्हणून त्रिकोण केला. हे मला फार आवडलं. कुणीतरी कुणाचा तरी विचार केला होता.

करी कटपर्यंत सगळं सरळ होतं. गोठलेली मांडी बँडसॉवर कापली तरी ती ऑस्ट्रेलियाचीच राहते. आम्ही ती पूर्ण वितळवतही नाही, कारण एकदा वितळलेलं पुन्हा गोठवणं मला पटत नाही. मूळ मुदतीची तारीख जी कार्टनवर तीच पाकिटावर, आम्ही कापली म्हणून मेंढीला नवं आयुष्य मिळत नाही. अडचण आली ती कबाबाला.

मांडी-खांद्याचे तुकडे कापले की बारीक मांस उरतं. त्याचा खिमा करून सीख कबाब करायचे, आलं-लसूण, मिरची, कोथिंबीर आणि सासूबाईंचा मसाला घालून, हे आमचं आधीपासून ठरलेलं. सल्लागारानं कबाबाचं लेबल पाठवलं त्यात मूळ देशाची ओळच नव्हती. मी फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, नियम असा आहे की दुसऱ्या देशात गेल्यावर मालावर अशी प्रक्रिया झाली की त्याचं स्वरूपच बदललं, तर जिथे प्रक्रिया झाली तोच मूळ देश धरायचा. कबाब ठाण्यात झाला, म्हणजे कबाब भारतीय. भारतीय मालाला देश लिहायची सक्ती नाही."

मी म्हटलं, "आणि आतली मेंढी?"

"ती घटकांत येईल. मटण म्हणून."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ खिम्याच्या यंत्राकडे बघत बसले. वरून टाकताना ऑस्ट्रेलिया, कत्तलखान्याचा क्रमांक, लॉट नंबर सगळं माहीत असतं, आणि खालून बाहेर येताना नियमानुसार ते सगळं पुसलेलं असतं. मला वाटलं, आपल्याकडेच असं असेल. माझी नणंद जर्मनीत असते. तिला तिथल्या पाकिटांचे फोटो पाठवायला सांगितले. मेंढीच्या मांसाच्या पाकिटावर दोन ओळी होत्या: कुठे वाढवली, कुठे कापली. युरोपात गाईंच्या मॅड काऊ रोगाच्या साथीनंतर २००० साली गोमांसासाठी हे आलं, जनावर जन्मलं कुठे तेही लिहायचं. १ एप्रिल २०१५ पासून डुक्कर, मेंढी, शेळी आणि कोंबडीलाही वाढवलं कुठे आणि कापलं कुठे हे सक्तीचं झालं. मग तिनं सॉसेजच्या पाकिटाचा फोटो पाठवला. त्यावर जनावराच्या देशाचा पत्ता नव्हता. तिथेही तो नियम ताज्या, थंड केलेल्या, गोठवलेल्या मांसाला आहे, प्रक्रिया केलेल्याला नाही. आणि २०१३ मध्ये युरोपात जो गहजब झाला तो नेमका याच जागी झाला होता: आयर्लंडच्या अन्न सुरक्षा खात्याला गोमांसाच्या बर्गरमध्ये घोड्याचा अंश सापडला. मांडी लटकवलेली असती तर कुणीही ओळखली असती. खिमा केल्यावर प्रयोगशाळा लागली.

अमेरिकेचंही वाचत गेले. तिथे २००२ च्या शेती कायद्यात मूळ देशाचा नियम आला, मांसाला तो मार्च २००९ पासून अंतिम स्वरूपात लागू झाला. २०१३ मध्ये त्यांनी आणखी कडक केला: जनावर जन्मलं, वाढलं, कापलं, तिन्ही ठिकाणचे देश लिहा. शेजारच्या कॅनडा आणि मेक्सिकोनं जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली. त्यांचं म्हणणं, लेबलासाठी जनावरं वेगवेगळी ठेवायची, वेगवेगळ्या नोंदी करायच्या, तो खर्च टाळायला अमेरिकन कत्तलखाने आमची जनावरंच घेत नाहीत. ते जिंकले. डिसेंबर २०१५ मध्ये त्यांना वर्षाला १०० कोटी डॉलरहून अधिक किमतीच्या प्रतिकारवाईची परवानगी मिळाली आणि त्याच महिन्यात अमेरिकेनं गोमांस आणि डुकराच्या मांसावरचा नियम काढून टाकला. मेंढी, शेळी, कोंबडीवरचा राहिला. कॅनडाचं म्हणणं मला समजलं, कारण वेगळं ठेवण्याचा खर्च मी माझ्या गाळ्यात रोज बघत होते. बोकडाला लाल ट्रे, ऑस्ट्रेलियन मेंढीला निळे, सुऱ्या वेगळ्या, यंत्र मध्ये धुवायचं, धुताना दीड तास जातो. पण खर्च होतो म्हणून सांगायचंच नाही, हे मला पटलं नाही, अजूनही पटत नाही.

नवऱ्याचा विरोध होता. त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं: कबाबावर ऑस्ट्रेलिया छापलं आणि पुढच्या महिन्यात आयातदाराकडे दुसऱ्या देशाचा माल आला, तर पाच हजार लेबलं वाया. शिवाय लोक म्हणणार, ठाण्याचा कबाब आणि मेंढी परदेशी, मग आपल्याकडचं काय? मी म्हटलं, हे त्यांनी पाकीट घेण्याआधी म्हणू दे. दोन दिवस घरात बोलणं कमीच होतं. शेवटी तोडगा त्यानंच काढला. बॅच नंबर आणि तारीख आपण थर्मल प्रिंटरवर रोज छापतो, त्याच पट्टीवर देशही छापायचा. छापील लेबलात घटकांच्या रांगेत 'मेंढीचं मांस ७२%' आणि शेजारी 'मांसाचा मूळ देश: बॅचच्या पट्टीवर पाहा'. माल बदलला की पट्टी बदलते, लेबल तेच. आता ते इतकं साधं वाटतं की आधी सुचलं कसं नाही असं वाटतं.

जून महिन्यात माल एका ऑनलाइन किराणा कंपनीवर चढवला. त्यांच्या फॉर्ममध्ये मूळ देशाचा रकाना असतो, कारण १ जानेवारी २०१८ पासून ऑनलाइन विकणाऱ्यांनाही पाकिटावरची ही माहिती पडद्यावर दाखवणं बंधनकारक आहे. मी ऑस्ट्रेलिया भरलं. चार दिवसांनी कोलशेतहून एका बाईंचा फोन आला. "ताई, ॲपवर भारत लिहिलंय आणि पाकिटावर ऑस्ट्रेलिया. खरं कुठलं?" मी ॲप उघडलं. खरंच भारत होतं. त्यांच्या कॅटलॉगवाल्यांनी विक्रेत्याचा पत्ता ठाणे बघून देश भारत करून टाकला होता. चार मेल केले, दोन वेळा फोन केले. प्रत्येक वेळी 'आपली विनंती नोंदवली आहे' एवढंच उत्तर. बाराव्या दिवशी मी स्वतःच माल 'उपलब्ध नाही' करून टाकला आणि तोवर ज्यांनी घेतलं होतं त्यातल्या ज्यांचे नंबर मिळाले त्यांना फोन करून सांगितलं. दोघांनी पैसे परत मागितले, दिले. एकीनं विचारलं, एवढं कशाला करता? मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. मला फक्त अण्णा आठवत होते, गिऱ्हाइकानं "कुठला?" विचारल्यावर खोटं गाव सांगितलं असतं तर तोंड कसं दाखवलं असतं त्यांनी. दुरुस्ती झाल्यावरच माल पुन्हा चालू केला.

जुलैच्या सुरुवातीला अन्न सुरक्षा अधिकारी गाळ्यावर आले. मी घाबरले होते, कारण चुकीच्या लेबलाला, म्हणजे कायद्याच्या भाषेत मिसब्रँडेड मालाला, ३ लाखांपर्यंत दंड आहे. त्यांनी फ्रीझरमधून हाताला येईल ते एक कबाबाचं पाकीट उचललं आणि म्हणाले, "याचं कार्टन दाखवा." मी वही काढली. बॅच नंबरवरून कापल्याचा दिवस, त्यावरून लॉट नंबर, लॉटवरून आयातदाराचं बिल, आणि त्या कार्टनचा कापून ठेवलेला लेबलवाला पुठ्ठा. मी प्रत्येक कार्टनचा तो तुकडा जपून ठेवते. १५ मिनिटं लागली. त्यांनी सगळं जुळवून बघितलं आणि मान हलवली. मला वाटलं सुटलो.

मग त्यांनी बोकडाचं पाकीट उचललं. त्यावर आम्ही पहिल्यापासून 'गावठी बोकड' असं छापत होतो. त्यांनी विचारलं, "गावठी कशावरून?"

मी म्हटलं, "आमचा व्यापारी आणतो."

"कुठून आणतो?"

मला सांगता आलं नाही. व्यापाऱ्याला फोन लावला, त्याला नीट सांगता आलं नाही. कधी चाकणचा बाजार, कधी लोणंदचा, कधी देवनारला उतरलेला राजस्थानचा लॉट, सगळं एकत्र. अधिकारी शांतपणे म्हणाले, "देश लिहायची तुम्हाला सक्ती नाही, हा आपलाच माल आहे. पण जे लिहिलंय त्याला पुरावा पाहिजे. नसेल तर शब्द काढा." त्यांनी दंड केला नाही, सुधारणेची नोटीस दिली. मी त्याच दिवशी 'गावठी' वर पट्टी चिकटवून घेतली, साडेआठशे पाकिटं.

तो दिवस मला फार लागला. ऑस्ट्रेलियातल्या मेंढीचा कत्तलखाना मला क्रमांकासकट माहीत होता. आपल्या बोकडाचा जिल्हासुद्धा माहीत नव्हता. आणि इतके महिने मी याच्या उलट समजत होते, की जवळचं आपल्याला ठाऊकच असतं, लांबचं शोधावं लागतं. अण्णा गाव सांगायचे कारण ते स्वतः पहाटे बाजारात जाऊन जनावर निवडायचे, विकणाऱ्याशी बोलायचे. आम्ही फोनवर वजन सांगून माल मागवत होतो, आणि त्यांचा शब्द मात्र तसाच पाकिटावर छापत होतो.

गटारीच्या आदल्या रात्री गाळ्यात सगळे होतो. पोरं पॅकिंग करत होती, सासूबाई मसाला मळत होत्या. वर्तकनगरचे आजोबा संध्याकाळीच येऊन मेंढीची चार पाकिटं घेऊन गेले होते. त्यांनी काउंटरवर उभं राहून लेबल मोठ्यानं वाचलं, 'मेंढीचं मांस', आणि पाकीट कपाळाला लावलं. नऊच्या सुमारास अण्णा आले. एकेक पाकीट हातात घेऊन दिव्याखाली धरून वाचत होते. मेंढीचं वाचलं, कबाबाची पट्टी वाचली, बाजूला ठेवलं. बोकडाचं पाकीट उलटसुलट करून बघितलं. जिथे 'गावठी' होतं तिथे आता पांढरी पट्टी होती.

"इथं काही लिहिलं नाहीस."

"माहीत नाही अण्णा. म्हणून नाही लिहिलं."

त्यांनी पाकीट फ्रीझरमध्ये ठेवलं, दार नीट लावलं. मग नवऱ्याला विचारलं, टेम्पो श्रावणात रिकामाच असतो ना? लोणंदच्या बाजाराला आपण तिघं जाऊ. मेंढपाळ, शेळ्यावाले ओळखीचे आहेत, जुने असतील-नसतील, त्यांची पोरं असतील. मी म्हटलं, खांदा दुखेल तुमचा एवढ्या प्रवासात. ते म्हणाले, "जनावर मी उचलणार नाही. तू वही घे, मी विचारतो."